काच नसलेली नळी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मॅक्रो लेन्सवर, म्हणजे किडे-फुलं अगदी जवळून मोठी टिपणाऱ्या लेन्सवर, लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की एवढा खर्च करायचा नसेल तर स्वस्तातली एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावून बघा. झालं, त्या एका वाक्यावरच पत्रांचा ढीग आला. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. आणि हो, कॅमेऱ्याचं नाव न लिहिता नुसतं 'माझा कॅमेरा' लिहिणाऱ्यांनी पुढच्या वेळी प्लीज मॉडेल कळवा, अर्धं उत्तर त्यातच असतं.

प्रश्न: ताई, ट्यूबच्या आत काहीच नसतं, आरपार दिसतं. नुसत्या पोकळ नळीने फोटो मोठा कसा येतो? आणि क्वालिटी बिघडत नाही का?

उत्तर: पोकळ आहे तेच बरं आहे. लेन्स सेन्सरपासून जितकी लांब जाईल तितकं तिला जवळचं दिसतं. तुम्ही फोकस रिंग जवळच्या टोकाला फिरवता तेव्हा साध्या लेन्समध्ये काचा पुढेच सरकत असतात, पण एका ठिकाणी रिंग अडते. ट्यूब लेन्सला त्या अडण्याच्या पलीकडे नेऊन ठेवते, बस, एवढंच तिचं काम. मध्ये काच नाही म्हणजे नवीन दोष घुसायलाही जागा नाही, त्यामुळे स्वस्त आणि महाग ट्यूबच्या फोटोत शार्पनेसचा फरक शोधत बसू नका, फरक असतो तो धातू की प्लॅस्टिक, पिना आहेत की नाहीत आणि आतला काळा रंग कसा दिलाय यात.

क्वालिटी थोडी बिघडते, पण त्यात ट्यूबचा दोष नाही. साधी लेन्स लांबच्या आणि मध्यम अंतरावरच्या गोष्टींसाठी बनवलेली असते, तिला इतक्या जवळ बघायला लावलं की कडा मऊ पडतात. मधला भाग छान राहतो आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ८ च्या आसपास नेलंत की कडाही बऱ्याच सावरतात. नाणं किंवा पोस्टाचं तिकीट सपाट काढायचं असेल तर हे जाणवेल. मुंगी काढताना कडेला तसंही सगळं धूसरच असतं, तिथे कोण बघतंय.

प्रश्न: माझ्याकडे ५० मिमीची लेन्स आहे. सेटमध्ये १२, २० आणि ३६ मिमी अशा तीन ट्यूब आल्यात. कुठली कधी लावायची? तिन्ही एकदम लावल्या तर चालतात का?

उत्तर: हिशोब एकदम सोपा आहे, ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंथने (लेन्सवर लिहिलेले मिमी) भागा. ५० च्या लेन्सला २० ची ट्यूब म्हणजे ०.४ पट (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या इतकी पट उमटते), ३६ ची म्हणजे ०.७२ पट. ही झाली ट्यूबने दिलेली भर. लेन्स मुळात स्वतःहून साधारण ०.१५ ते ०.२ पट देतेच, ते त्यात मिळवायचं. म्हणजे ३६ ची एकटी लावली तरी तुम्ही ०.९ च्या आसपास पोचता, खऱ्या मॅक्रो लेन्सच्या १:१ च्या, म्हणजे सेन्सरवर वस्तूएवढीच प्रतिमा, अगदी दाराशी. तिन्ही जोडल्या तर ६८ मिमी, म्हणजे दीडपट. चालतात, पण पहिल्याच दिवशी तिन्ही लावू नका हो, काहीच दिसणार नाही आणि तुम्ही ट्यूबला नावं ठेवाल.

१२ ने सुरुवात करा. फुलं, पानं, फुलपाखरू यांना तेवढी पुरते. २० ची भुंग्याला, नाकतोड्याला. ३६ ची मुंगी, पुंकेसर, माशीचा डोळा असल्या उद्योगांना.

आणि हिशोबावर विश्वास नसेल तर पट्टीचा फोटो काढा. मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी आडवी ठेवायची, शक्य तितकं जवळ जाऊन फोकस करायचा आणि फ्रेममध्ये किती मिमी मावले ते मोजायचे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, तर पट्टीचे ३६ मिमी दिसले की १:१, ७२ दिसले की अर्धपट. एपीएस-सी (त्याहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३६ ऐवजी साधारण २२ ते २४ धरा, कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. खोक्यावर काय छापलंय त्यापेक्षा ही पट्टी जास्त खरं बोलते.

प्रश्न: ऑनलाइन दोन प्रकार दिसतात, एक खूपच स्वस्त, नुसत्या धातूच्या रिंगा एकमेकीत फिरवून बसवायच्या, आणि दुसरा पिनावाला, तो बराच महाग. फोटो सारखाच येणार असेल तर स्वस्तातला घेतला तर काय बिघडलं?

उत्तर: याच प्रश्नात सगळ्यात जास्त लोकांचे पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या पिना म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यातलं बोलणं. पिना नसलेली ट्यूब मध्ये आली की ते बोलणं बंद. ऑटोफोकस गेला त्याचं काही नाही, मॅक्रोत तो तसाही फारसा कामाचा नसतो. खरी पंचाईत अ‍ॅपर्चरची आहे. तुमच्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग आहे का ते आधी बघा, एफ १.८, २.८, ४ असे आकडे कोरलेली, टकटक फिरणारी. असेल तर बिनधास्त स्वस्तातली घ्या, जुन्या मॅन्युअल लेन्सवर ती मस्त चालते आणि माझ्या मते ५० मिमीची जुनी मॅन्युअल लेन्स अधिक साधी ट्यूब यापेक्षा स्वस्त आणि मजेशीर मॅक्रो सेट दुसरा नाही.

रिंग नसेल तर मग कंपनीप्रमाणे वेगवेगळी भानगड. कॅननच्या ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, बोलणं बंद झालं की ते पूर्ण उघडं राहतं, मग एफ १.८ वर मुंगीच्या मिशीचं एक टोक शार्प आणि बाकी सगळा धुरळा. यावर एक जुगाड आहे, लेन्स थेट बॉडीवर लावून एफ ८ सेट करायचं, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं (अ‍ॅपर्चर ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढायची, अ‍ॅपर्चर तिथेच अडकून राहतं. चालतं, पण दर वेळी बदलायचं म्हटलं की परत तेच सगळं, आणि व्ह्यूफाइंडर काळोखा होतो तो वेगळाच. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर बरोबर उलटं, तिथल्या जी टाइप लेन्सला रिंग नसते आणि ती बॉडीवरून सुटली की आतल्या स्प्रिंगमुळे अ‍ॅपर्चर मिटून सगळ्यात लहान होतं, म्हणजे एफ २२ वगैरे, आणि तुम्हाला समोर फक्त अंधार.

मिररलेसवाल्यांनी (आत आरसा नसलेले नवे कॅमेरे) तर अजून सांभाळून. त्यांच्या बहुतेक नव्या लेन्समध्ये फोकस रिंगसुद्धा विजेवर चालते, नुसती गरगर फिरते, आत जोडलेलं काहीच नसतं. तिथे बिनपिनांची ट्यूब लावली तर अ‍ॅपर्चरही गेलं आणि फोकस रिंगही गेली. अशा लेन्सला पिनावालीच घ्या, यात काटकसर नको. मिररलेससाठी सहसा १० आणि १६ मिमीचा जोड मिळतो.

प्रश्न: ट्यूब आली, लावली, पण शटरच दाबलं जात नाही. 'लेन्स नाही' असं काहीतरी येतं. परत पाठवू का?

उत्तर: थांबा. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय असतो, तो ऑन करा. बिनपिनांच्या ट्यूबमुळे कॅमेऱ्याला वाटतं समोर काही लावलेलंच नाही.

प्रश्न: ट्यूब लावल्यापासून फोकसच होत नाही. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, सगळं धूसर. लांबचं तर काहीच दिसत नाही. पीस खराब असेल का?

उत्तर: पीस अगदी ठणठणीत आहे. ट्यूब लावली की लांबचं दिसणं बंद, खिडकीबाहेरचं झाड काढायचं तर ट्यूब काढावीच लागते. पण जवळचंही दिसेना याचं कारण समजून घ्या. ५० च्या लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली तर ती लांबात लांब १५० मिमीवरचं बघू शकते आणि जवळात जवळ साधारण १२७ मिमीवरचं, आणि हे अंतर लेन्सच्या मधून मोजलेलं, पुढच्या काचेपासून नाही. म्हणजे रिंग पूर्ण इकडून तिकडे फिरवली तरी फरक सव्वादोन सेंटीमीटरचा. ३६ च्या ट्यूबला तर जेमतेम सव्वा सेंटीमीटर उरतो. त्या पट्ट्याच्या बाहेर तुम्ही उभे असाल तर रिंग दिवसभर फिरवा, काही होणार नाही.

म्हणून रिंगने फोकस करायची सवय सोडा. मॅन्युअल फोकस ठेवायचा, रिंगने फक्त वस्तू किती मोठी हवी ते ठरवायचं आणि मग हात न लावता आख्खा कॅमेरा घेऊन हळूहळू पुढे जायचं. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) झूम करून बघा किंवा फोकस पीकिंग (शार्प कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू ठेवा. कोपर जमिनीवर नाहीतर गुडघ्यावर टेकवा, श्वास सोडता सोडता अगदी किंचित पुढे सरका, डोळ्यावर फोकस आला आला असं वाटायला लागलं की तेव्हाच तीन-चार फोटो सलग घ्या, 'आलाच' म्हणेपर्यंत थांबलात तर तो पुढे निघून गेलेला असतो. त्यातला एखादा लागतो, बाकीचे डिलीट, सगळेच जण असंच करतात.

ट्रायपॉड असेल तर कॅमेरा त्याच्यावर, आणि सरकवायचं वस्तूला. फूल कुंडीत असेल तर कुंडी ढकलणं ट्रायपॉड हलवण्यापेक्षा कधीही सोपं. फोकसिंग रेल (कॅमेरा थोडा थोडा पुढे-मागे सरकवणारी पट्टी) मिळते ती चांगली असते, पण ती नंतर, हौस टिकली तर.

प्रश्न: माझ्याकडे १८-५५ आणि ७०-३०० या दोन झूम आहेत. कुठल्या लेन्सला ट्यूब लावू?

उत्तर: १८-५५ ला लावा, पण ५५ च्या टोकाला. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या या किट लेन्सला उगाच कमी लेखतात, ती मुळातच ०.३ पटीच्या आसपास जवळ जाते, त्यात १२ ची ट्यूब म्हणजे अर्धपट झालीच. १८ च्या टोकाला मात्र २० ची ट्यूब लावून बघू नका, फोकसची जागा पुढच्या काचेला चिकटते नाहीतर चक्क लेन्सच्या आत जाते, तिथे किडा बसवणार कसा? आणि ट्यूब लावून झूम फिरवलं की फोकस पार जातो, तेव्हा झूम आधी ठरवून टाका.

७०-३०० साठी ट्यूबवर पैसे घालवू नका. भागाकार आठवा, ३०० ला ३६ म्हणजे ०.१२ पट, एवढ्यासाठी कशाला खटाटोप. लांब लेन्सला क्लोज-अप लेन्स घ्या, फिल्टरसारखी पुढे स्क्रू होते ती. तिचा हिशोब उलटा चालतो, लेन्स जितकी लांब तितका फायदा जास्त. प्लस ४ ताकदीची क्लोज-अप लेन्स म्हणजे २५० मिमीची काच, ती २०० वर लावली तर ०.८ पट, आणि तेही किड्यापासून वीत-दीड वीत लांब राहून. फक्त एका काचेची फारच स्वस्त घेऊ नका, कडेला जांभळ्या-हिरव्या रेषा येतात, दोन काचा चिकटवलेली असते ती घ्या. ट्यूबमध्ये काच नाही म्हणून स्वस्तात भागतं, इथे काचच विकत घेतोय.

प्रश्न: फोटो काळे येतात, आयएसओ वाढवला तर दाणे दिसतात, शटर कमी केलं तर हलतात. लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे तरी हलतात!

उत्तर: लेन्स पुढे गेली की तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो, त्यामुळे कमी पडतो. अर्धपटीला साधारण एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) थोडा जास्त, १:१ ला पुरे दोन स्टॉप, म्हणजे चौथा हिस्साच उरला. कॅमेऱ्याचं मीटर हे आपोआप धरतं, तुम्हाला गणित करायचं नाही, पण प्रकाश कुठून तरी आणायलाच लागतो. स्टॅबिलायझरचं म्हणाल तर साधा स्टॅबिलायझर कॅमेरा तिरपा होण्याला आवरतो, आणि इतक्या जवळून तुमचा हात वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतो त्याने फोटो हलतो, पुढे-मागे डोललात तर फोकसच जातो, त्याला तो काय करणार. वर वारा असला तर पानच हलतंय.

माझं स्पष्ट मत, ट्यूबमध्ये वाचलेले पैसे फ्लॅशमध्ये घाला. साधा मॅन्युअल फ्लॅश चालतो. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, शटर १/२००, एफ ११, आयएसओ २०० पासून सुरुवात करा आणि फ्लॅशची पॉवर कमी ठेवून हळूहळू वाढवत न्या. कमी पॉवरला फ्लॅशचा झोत सेकंदाच्या काही हजाराव्या हिश्श्यात संपतो, त्यामुळे हात हलला काय नि पान हललं काय, फोटोत कळत नाही. डिफ्यूझर मात्र पाहिजेच. उघडा फ्लॅश मारला तर ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा जळका ठिपका येतो आणि त्याचा सगळा लाल रंग गेला म्हणून समजा. पांढऱ्या अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा किंवा ट्रेसिंग पेपरचा मोठासा तुकडा वाकवून लेन्सच्या तोंडाच्या वर येईल असा लावा, जितका मोठा आणि वस्तूच्या जितका जवळ तितका प्रकाश मऊ. कॅमेऱ्यावरचा छोटा पॉप-अप फ्लॅश नुसता उघडून चालणार नाही, लेन्स आणि ट्यूब मिळून त्याची सावली नेमकी किड्यावरच पडते. लेन्स हूडही काढून ठेवा, त्याचीही सावली पडते.

मागचं सगळं काळंकुट्ट येतं अशीही तक्रार येईल तुमची. फ्लॅशचा प्रकाश मागे पोचत नाही म्हणून तसं होतं, किड्याच्या मागे हातभर अंतराच्या आत एखादं पान येईल असा कोन बघा.

प्रश्न: जास्त भाग शार्प यावा म्हणून एफ २२ ठेवला तर उलट सगळंच मऊ आलं. असं का?

उत्तर: डिफ्रॅक्शन. बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. आणि ट्यूबमुळे प्रत्यक्षातलं अ‍ॅपर्चर आणखी लहान होतं, १:१ ला आकडा दुप्पट धरा, तुमचा एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ सारखा वागतो आणि एफ २२ तर एफ ४४ सारखा. एफ ८ ते एफ ११ मध्येच राहा.

हो, मग डेप्थ, म्हणजे शार्प येणारी खोली, कमी मिळणार. फुल फ्रेमवर १:१ ला एफ ८ वर जेमतेम १ मिमी भाग शार्प येतो. त्यावर उपाय एकच, तो १ मिमी कुठे खर्च करायचा ते ठरवा. किडा बाजूने काढताय तर सेन्सर त्याच्या अंगाला समांतर धरा, डोकं-पाठ-शेपूट एकाच पातळीत येतात. समोरून काढताय तर डोळा शार्प पाहिजे, बाकी सोडून द्या. टाचणीसारख्या लांब किड्याला हा समांतरपणा जमला तर एफ ८ वर डोळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळं येतं, नाही जमला तर एफ १६ पण वाचवत नाही. न हलणारी वस्तू असेल, बी, शिंपला, घड्याळाची चाकं, तर फोकस थोडा थोडा सरकवत दहा-पंधरा फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करता येतात.

प्रश्न: स्वस्त ट्यूबने काढलेले फोटो मध्यभागी फिकट, दुधाळ दिसतात. लेन्स साफ आहे.

उत्तर: ट्यूब उजेडाकडे धरून तिरकं आत बघा. आतली भिंत चमकतेय? मग तेच. लेन्समधून आलेला प्रकाश त्या गुळगुळीत काळ्या भिंतीवर आपटून सेन्सरवर सांडतो आणि काळं ते राखाडी होतं. पांढऱ्या फुलाला जास्त, गडद किड्याला कमी, असं असेल तर खात्रीच समजा. आत मॅट काळा कागद किंवा मखमलीसारखं पाठीला गोंद असलेलं काळं कापड चिकटवा, फक्त पिनावाल्या ट्यूबमध्ये पिनांपासून लांब, आणि धागे सुटणारं कापड नको, ते सेन्सरवर जाऊन बसेल.

प्रश्न: जवळ गेलं की किडे उडून जातात. किड्याला थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की शांत बसतो असं कोणीतरी सांगितलं, करून बघू का?

उत्तर: नको. एक तर जीव जाऊ शकतो, आणि थंडीने आखडलेला किडा फोटोत आखडलेलाच दिसतो, पाय पोटाशी घेतलेला, ओळखू येतं. त्यापेक्षा सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आधी किडे गारठलेले असतात, चतुर दवात भिजून काडीला धरून बसलेले असतात, चार बोटांवर गेलात तरी हलत नाहीत. दिवसा जायचं तर सावली त्याच्यावर पडू देऊ नका, सरळ रेषेत हळू जा, आणि तो ज्या फांदीवर बसलाय ती हलवू नका. कोळी आणि गोगलगाय सरावाला उत्तम, त्यांना घाई नसते.

प्रश्न: ट्यूबमुळे कॅमेरा खराब होतो का? आणि फोनला लावता येते का?

उत्तर: फोनला नाही, फोनची लेन्स निघत नाही, त्याला क्लिपवाली काच मिळते तो वेगळा विषय. कॅमेरा खराब होत नाही, पण प्लॅस्टिक माउंटच्या ट्यूबवर जड लेन्स लटकवू नका. तिन्ही जोडल्यावर हलकंसं डगडगणार, ते चालतं, फक्त उचलताना बॉडी धरून नाही, लेन्सखाली हात घालून उचला. पिनावाली लावता-काढताना कॅमेरा बंद ठेवा. आणि बाहेर वाऱ्याधुळीत ट्यूब बदलत बसू नका, निघतानाच एक ठरवून लावून जा, दिवसभर तेवढ्यावरच काढा.